हिरडीखालची सफाई: मशीनने की हाताने?

जास्वंद

ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येत होतं म्हणून दाखवायला गेले. डॉक्टरांनी खुणा असलेली एक बारीक सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी लावून हिरडी दातापासून किती खोल सुटली आहे याची मापं घेतली. पुढच्या दातांना दोन-तीन मिलिमीटर, मागच्या दाढांना पाच, सहा आणि एका ठिकाणी सात. "वरवरचं स्केलिंग पुरणार नाही, हिरडीखालून साफ करावं लागेल," असं ते म्हणाले. हे सगळं काम ते अल्ट्रासोनिक मशीननेच करतात. दुसरं मत घेतलं, तर त्या डॉक्टर म्हणाल्या की मशीन वापरीनच, पण दाढांच्या मुळांवर शेवटचा हात क्युरेट नावाच्या हाताच्या हत्याराने फिरवीन.

दोघांनीही वेळ देऊन समजावलं, त्यामुळे अविश्वास कोणावरच नाही. पण माझ्याच तोंडात काय होणार आहे ते मला नीट कळायला हवं. कीटण जास्त चांगलं कशाने निघतं? मुळाला इजा कशाने जास्त होते? आणि दोन जाणकारांमध्ये असा फरक का पडतो? कोणी या क्षेत्रातलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

कातळ

माझं मत सांगतो. मशीनने दात झिजतात आणि सैल होतात. आमच्या मामांचे पुढचे दात सफाईनंतर आठवड्याभरात हलायला लागले, त्याआधी अगदी घट्ट होते. करायचंच असेल तर हाताने करून घ्या.

सांजवात

वाचते आहे. मलाही हेच सांगितलंय आणि भीती वाटतेय.

दंतमूळ

मी हिरड्यांच्या आजारांवरच काम करते, त्यामुळे प्रतिसाद लांबणार आहे.

कातळ, तुमच्या मामांचा अनुभव खोटा नाही, पण त्याचं कारण मशीन नव्हे. हिरडीचा आजार जुना असला की दाताभोवतीचं हाड आधीच खाली गेलेलं असतं. वर जमलेल्या कीटणाचा थर दगडासारखा कडक होतो आणि शेजारशेजारच्या दातांना एकमेकांत जखडून ठेवतो. दात घट्ट वाटतो, पण तो हाडाने धरलेला नसतो, कीटणाने धरलेला असतो. कीटण काढलं की झालेलं नुकसान उघड होतं. सूज उतरून हिरडी आक्रसते, दातांमध्ये फट दिसते आणि माणूस म्हणतो की सफाईने दात खराब केले. हेच कीटण हाताने काढलं असतं तरी दात तितकेच हलले असते. उलट सूज गेल्यावर पुढच्या काही आठवड्यांत बऱ्याच जणांचं हलणं कमी होतं. या भीतीने लोक सफाई टाळतात आणि जो दात वाचला असता तो शेवटी काढावा लागतो, म्हणून हे आधी लिहिलं.

आता मूळ प्रश्न. क्युरेट म्हणजे गोल पाठीचं, चमच्यासारख्या टोकाचं छोटं पातं. ते आत जाताना पात्याचा चेहरा मुळाला टेकवून, म्हणजे मिटलेल्या स्थितीत सरकवतात. पॉकेटच्या, म्हणजे हिरडी आणि दात यांच्यामधल्या खोल झालेल्या फटीच्या तळाशी, कीटणाच्या खाली पोचल्यावर मनगट किंचित वळवून पातं उघडतात. मुळाशी त्याचा कोन ४५ ते ९० अंशांच्या मधे आला की वर ओढतात. कोन कमी पडला तर पातं कीटणावरून नुसतं घसरतं, जास्त झाला तर हिरडीचं आतलं अस्तर खरवडतं. सगळं काम न दिसणाऱ्या जागी, बोटांना लागणाऱ्या खरखरीवर चालतं. ग्रेसी नावाच्या क्युरेटचे वेगवेगळे क्रमांक याचसाठी असतात. दाढेच्या पुढच्या बाजूला ११/१२, मागच्या बाजूला १३/१४. एकच हत्यार सगळीकडे बसत नाही.

अल्ट्रासोनिकचं टोक सेकंदाला साधारण पंचवीस ते पन्नास हजार वेळा थरथरतं. दोन जाती आहेत. मॅग्नेटोस्ट्रिक्टिव्ह प्रकारात धातूच्या पट्ट्यांचा गठ्ठा चुंबकीय क्षेत्रात लांब-आखूड होतो आणि टोक लंबगोल फिरतं. पीझो प्रकारात स्फटिकाला वीज दिल्यावर तो आकार बदलतो आणि टोक सरळ रेषेत मागेपुढे होतं, म्हणून त्याच्या दोन कडाच मुळाला लावायच्या असतात. थरथरीने तापणारं टोक थंड ठेवायला पाणी लागतं. तेच पाणी सुटलेला गाळ आणि रक्त पॉकेटबाहेर धुऊन काढतं. क्युरेटला ही सोय नाही, तिथे मधूनमधून वेगळं धुवावं लागतं.

निकालाबद्दल बोलायचं तर हा वाद संशोधनात बराचसा मिटलेला आहे. स्वीडनमध्ये बादरस्टेन आणि सहकाऱ्यांनी १९८१ आणि १९८४ मध्ये एकाच माणसाच्या तोंडात काही दात हाताने आणि काही मशीनने साफ करून पाठपुरावा केला. पॉकेट कमी होणं, रक्त थांबणं यात फरक आढळला नाही, खोल पॉकेटमध्येही नाही. २००२ साली टुंकेल आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले. एका मुळाच्या दातांवर परिणाम सारखाच दिसला, मशीनला वेळ मात्र सुमारे ३७ टक्के कमी लागला. युरोपियन फेडरेशन ऑफ पेरिओडॉन्टॉलॉजीची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात: हाताने करा, मशीनने करा किंवा दोन्ही मिळून करा.

म्हणजे जास्वंद, तुमचे दोन्ही डॉक्टर बरोबर आहेत.

जास्वंद

दंतमूळ, मनापासून आभार. पण परिणाम सारखाच असेल तर दुसऱ्या डॉक्टर शेवटी क्युरेट फिरवायचंच असं का म्हणाल्या?

पारंबी

याचं उत्तर मी देते, कारण मी अगदी तसंच काम करते. डेंटल हायजिनिस्ट आहे, दोन्ही हत्यारं रोज हातात असतात.

मशीनची बारीक टिप मुळावरून फिरते तेव्हा हाताला एक सलग थरथर जाणवते. त्या थरथरीत कीटणाचा छोटासा उंचवटा हरवून जातो. क्युरेट किंवा एक्सप्लोरर (तपासायची बारीक टोकदार सळई) फिरवला की तोच उंचवटा बोटाला अडतो. मशीनने काम संपल्यासारखं वाटल्यावर एक्सप्लोरर घातला आणि मूळ जिथे आत वळतं तिथे एक पट्टी तशीच लागली, असं पुष्कळदा होतं. त्यावर पुन्हा मशीन लावायचं की क्युरेट, हा नंतरचा प्रश्न. पण हाताने तपासल्याशिवाय खुर्ची सरळ करायची नाही, हे मी पाळते.

हाताच्या कामातही एक मोठा धोका आहे. बोथट पात्याने किंवा चुकीच्या कोनात वरवर ओरखडत राहिलं तर कीटण निघत नाही, त्याचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत होतो. मग एक्सप्लोररलाही ते कळत नाही. मूळ साफ झालं असं वाटतं आणि जंतूंचं घर आत तसंच राहतं. याला बर्निश झालेलं कीटण म्हणतात आणि ते काढणं मूळच्या कीटणापेक्षा जड जातं. म्हणून क्युरेटला धार लावणं ही माझ्यासाठी कामाइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे. धारेची कड उजेडात धरून बघायची. बोथट कडेवर उजेडाची बारीक रेघ चमकते, धारदार कडेवर काहीच चमकत नाही. प्लास्टिकच्या कांडीवर टेकवलं की धारदार पातं रुततं, बोथट घसरतं.

मशीनची टिपही झिजते, आणि हे पेशंटला क्वचितच कोणी सांगतं. टिप एक मिलिमीटर झिजली की तिचा परिणाम सुमारे २५ टक्क्यांनी घटतो, दोन मिलिमीटर झिजली की निम्मा होतो. टिपेसोबत मापाचं कार्ड मिळतं, त्यावर ठेवून बघायची आणि लाल रेघेपर्यंत आली की टाकून द्यायची. झिजलेल्या टिपेने काम होत नाही म्हणून हात आपोआप दाब वाढवतो. दाब वाढवला की थरथर दबते, काम आणखी मंदावतं आणि पेशंटला दुखतं. मशीन पेन धरतो त्याहून हलकं धरायचं असतं.

दंतमूळ

पारंबी, तपासण्याबद्दल शंभर टक्के अनुमोदन. पण शेवटी क्युरेट "फिरवायचंच" याला माझा विरोध आहे आणि तो मी ठामपणे नोंदवते.

आमच्या आधीच्या पिढीला शिकवलं होतं की जंतूंचं विष मुळाच्या सिमेंटममध्ये, म्हणजे मुळावरच्या पातळ कठीण आवरणात, खोल मुरतं, म्हणून मूळ काचेसारखं गुळगुळीत होईपर्यंत तासायचं. १९८६ मध्ये मूर, विल्सन आणि कीझर यांनी आजारी मुळांवरचं हे विष मोजलं. सुमारे ३९ टक्के नुसतं पाण्याने निघालं आणि ६० टक्के ब्रशने. म्हणजे ते वरच चिकटलेलं असतं, मुरलेलं नसतं. १९८८ मध्ये नीमन आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी तोंडाच्या एका बाजूचं सिमेंटम काढलं आणि दुसऱ्या बाजूला ते राखून फक्त कीटण काढलं. दोन वर्षांनी दोन्ही बाजू सारख्याच बऱ्या होत्या.

आता झीज. रिट्झ आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये काढलेल्या दातांवर प्रत्येक हत्याराचे बारा हात मारून मोजलं. क्युरेटने सुमारे १०९ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर गेला, अल्ट्रासोनिकने सुमारे १२. मुळाच्या वरच्या भागातलं सिमेंटम मुळात १६ ते ६० मायक्रॉन जाडीचं असतं. जोर लावून तासत राहिलं तर ते पूर्ण जातं आणि खालचं डेंटिन, म्हणजे दाताचा आतला थर, उघडं पडतं. मग गार पाण्याने, गार हवेने दात शिवशिवतात. जास्वंद, "मुळाला इजा कशाने जास्त होते" या तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. नीट वापरलेलं अल्ट्रासोनिक मुळाशी जास्त प्रेमाने वागतं. चुकीचं वापरलं तर तेही इजा करतं. टिपेचं टोक मुळात काटकोनात रोवलं किंवा पॉवर उगाच वाढवून ठेवली तर मुळावर खड्डे पडतात. टिप मुळाला जवळजवळ समांतर, बाजूने टेकवून फिरवायची असते.

पारंबी

आकडे मला मान्य आहेत, पण ते ठरवून मारलेल्या हातांचे आहेत. क्युरेटचा शेवटचा हात म्हणजे तासणं नव्हे. उंचवटा लागला तेवढ्याच जागी दोन-तीन हलके हात आणि थांबायचं. मूळ गुळगुळीत करणं हा माझा उद्देश नसतो. पण गुळगुळीत लागणं ही एकच खूण माझ्या बोटांना त्या अंधाऱ्या जागेत मिळते, दुसरी कुठली मिळते?

दंतमूळ

खूण म्हणून मान्य आहे. फरक एवढाच की मी त्या उंचवट्यावर पुन्हा बारीक टिप लावते आणि तुम्ही क्युरेट लावता. खरखर सगळीकडे कीटणाचीच नसते, सिमेंटम नैसर्गिकरीत्याही खडबडीत असतं. नवशिक्या माणसाच्या हातात क्युरेट असेल तर तो त्या खरखरीच्या मागे लागून निरोगी मूळ तासतो. माझी काळजी ती आहे. तुमच्यासारख्या हाताबद्दल काळजी नाही.

कातळ

दंतमूळ, मामांबद्दल इतकं कोणी समजावलं नव्हतं. त्यांना दाखवतो. एक विचारू का? सात मिलिमीटर खोल जागी हे टोक पोचतं तरी का? आणि दाढेला दोन-तीन मुळं असतात, त्यांच्या मधे काय करतात?

दंतमूळ

सगळ्यात अवघड जागा तुम्ही नेमकी पकडलीत.

पोचतं, पण पोचणं आणि साफ करणं यात अंतर आहे. १९८१ मध्ये स्टॅम्बॉ आणि सहकाऱ्यांना असं आढळलं की क्युरेटने खात्रीने स्वच्छ झालेली खोली सरासरी ३.७३ मिलिमीटर होती. त्याखाली कीटण राहून जाण्याची शक्यता वेगाने वाढते, हत्यार कुठलंही असो.

दाढेच्या मुळांच्या बेचक्याचा तर स्वतंत्र प्रश्न आहे. बोवर यांनी १९७९ मध्ये पहिल्या दाढांच्या बेचक्यांची तोंडं मोजली. ८१ टक्के ठिकाणी ती एक मिलिमीटर किंवा त्याहून अरुंद होती, ५८ टक्के ठिकाणी पाऊण मिलिमीटर किंवा त्याहूनही अरुंद. नव्या क्युरेटचं पातं पाऊण ते एक मिलिमीटरच्या वर रुंद असतं. उंबऱ्यातून पलंग आत न्यावा तसं होतं, तिरका करून बघा, दार अरुंद ते अरुंदच. बारीक अल्ट्रासोनिक टिपा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतात, डाव्या-उजव्या वळणाच्याही मिळतात. बेचक्यात मी मशीनच धरते आणि इथे बहुधा पारंबीही माझ्याशी सहमत असतील.

पारंबी

पूर्ण सहमत. बेचक्यात आणि अरुंद खोल पॉकेटमध्ये बारीक टिपच. आणखी एक फरक. क्युरेटला कीटणाच्या खाली जाऊन वर ओढावं लागतं, म्हणजे घट्ट हिरडी असेल तर आधी जागा करावी लागते. बारीक टिप वरून खाली, थरावरून थर उडवत उतरते, त्यामुळे हिरडी ताणली जात नाही. मात्र जाड, जुनं, काळं कीटण असेल तर बारीक टिपेला पॉवर पुरत नाही. आधी जाड टिप, मग बारीक. जाड कीटणावर बारीक टिप मोठ्या पॉवरला लावली तर टिप मोडू शकते.

उंबरठा

वडिलांना पेसमेकर आहे. त्यांना मशीन चालेल का? दवाखान्यात कोणी विचारलंच नाही.

दंतमूळ

विचारलं नाही तरी तुम्ही स्वतःहून सांगा, खुर्चीत बसण्याआधी. मॅग्नेटोस्ट्रिक्टिव्ह मशीन चुंबकीय क्षेत्रावर चालतं, म्हणून जुन्या पेसमेकरच्या बाबतीत ते टाळायला सांगितलं जायचं. आताच्या पेसमेकरना चांगलं आवरण असतं आणि धोका कमी मानला जातो. तरी त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना उपकरणाचं मॉडेल सांगून विचारून घ्या. पीझो मशीन किंवा क्युरेट हे सरळ पर्याय आहेत. ते रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील तर तेही सांगा, आणि गोळ्या परस्पर बंद करू नका.

सांजवात

मला दम्याचा त्रास आहे आणि आडवं झोपून तोंडात पाणी साचलं की जीव घाबरतो. माझ्यासाठी हाताने केलेलं बरं का? आणि एक इम्प्लांटही बसवलेला आहे.

पारंबी

हो, तुमच्या बाबतीत हाताचा पर्याय आधी विचारात घ्यायला हवा. श्वसनाचे विकार, गिळायला त्रास, पाणी सहन न होणं ही सगळी मशीन टाळण्याची किंवा जपून वापरण्याची कारणं आहेत. मशीनने पाण्याचा जो बारीक फवारा उडतो त्यात लाळ, रक्त आणि जंतूही असतात. मोठ्या नळीचं जोरकस सक्शन टिपेजवळ धरलं तर हा फवारा ९० टक्क्यांहून जास्त कमी होतो, पण त्यासाठी सहायक लागतो. २०२० मध्ये कोविडच्या काळात कित्येक ठिकाणी मशीन बाजूला ठेवून सगळं काम क्युरेटने केलं गेलं ते या फवाऱ्यामुळेच. इनहेलर सोबत ठेवा, खुर्ची थोडी उभी ठेवायला सांगा, आणि हात वर केला की थांबायचं हे आधी ठरवून घ्या. हे मागण्यात संकोच करू नका.

इम्प्लांटचं मात्र आवर्जून सांगा. नेहमीच्या स्टीलच्या टिपेने किंवा क्युरेटने टायटॅनियमवर चरे पडतात आणि त्या चऱ्यांत जंतू बसतात. त्यासाठी प्लास्टिकचं आवरण असलेल्या टिपा आणि टायटॅनियमचे क्युरेट वेगळे असतात.

जास्वंद

इतकं वाचून मनावरचा ताण खरंच कमी झाला. दोन गोष्टी राहिल्या. भूल घ्यावी लागते का? आणि सफाई झाल्यावर ती नीट झाली हे मला कसं कळणार?

दंतमूळ

पाच-सहा मिलिमीटरच्या पॉकेटना भूल देऊन करणंच योग्य. पेशंट दुखतंय म्हणून आक्रसला की हत्यार तळापर्यंत जातच नाही. सगळं तोंड एका बैठकीत करा किंवा दोन-चार बैठकांत, परिणामात फरक पडत नाही. तुम्हाला झेपेल तसं ठरवा.

नीट झाली का, याचं उत्तर त्या दिवशी मिळत नाही. मूळ स्वच्छ झाल्यावर हिरडी त्याला पुन्हा बिलगायला वेळ घेते. साधारण तीन महिन्यांनी तीच खुणांची सळई घेऊन पुन्हा मापं घ्यायची असतात. आजची मापं लिहून घेतलेला तक्ता मागून ठेवा, म्हणजे तुलना करता येईल. २०२० मध्ये सुवान आणि सहकाऱ्यांनी एकत्र तपासलेल्या अभ्यासांत सहा ते आठ महिन्यांनी पॉकेटची खोली सरासरी १.७ मिलिमीटर कमी झाली होती आणि सुमारे ७४ टक्के पॉकेट बंद झाले होते, म्हणजे चार मिलिमीटर किंवा त्याहून उथळ आणि रक्त न येणारे. म्हणजे पाचाचे बहुतेक बंद होतात. सातची जागा कदाचित राहील. तिथे पुन्हा हिरडीखालून सफाई करतात, आणि सहा मिलिमीटर किंवा त्याहून खोल राहिली तर हिरडी उघडून डोळ्यांनी बघत साफ करण्याचा पर्याय असतो. तसं सुचवलं गेलं तर पहिलं काम वाईट झालं असा अर्थ लावू नका. दाढेच्या मागच्या बाजूला बेचकं असेल तर ते बऱ्याचदा अटळ असतं.

धूम्रपान किंवा न आटोक्यातला मधुमेह असेल तर मात्र वरचे आकडे तितके चांगले येत नाहीत.

कातळ

मामांची तपासणी ठरवली आहे. मापं लिहून द्या म्हणून सांगणार.

जास्वंद

दुसऱ्या डॉक्टरांकडे करायचं ठरवलं. त्यांना टिपेबद्दल आणि नंतर तपासण्याबद्दल विचारलं तर त्यांनी लगेच कार्डावर टिप ठेवून दाखवली, एक्सप्लोररही दाखवला. क्युरेट सगळीकडे नाही, जिथे काही लागेल तिथेच, असंही म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात उजवी बाजू. पारंबी, मधल्या काळात घरी काय करू? दाढांच्या मधे धागा जातो, पण रक्त येतं.

पारंबी

छान झालं. रक्त येतं म्हणून थांबू नका, सूज आहे म्हणून ते येतंय. दाढांच्या मधल्या फटी रुंद झाल्या असतील तर धाग्यापेक्षा दातांमधले बारीक ब्रश जास्त उपयोगी पडतात, कारण मुळाच्या बाजूला खाच असते आणि ताणलेला धागा तिच्यावरून सरळ निघून जातो. माप डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या, कदाचित दोन वेगळी मापं लागतील. ब्रश आत जाताना केस दोन्ही बाजूंना टेकले पाहिजेत, पण मधली तार दाताला घासता कामा नये. सफाईनंतर सूज उतरली की फटी बदलतात, तेव्हा तीन महिन्यांच्या तपासणीला माप पुन्हा बघून घ्या.